मॉलमध्ये काही न घेता नुसतं बसणाऱ्यांचे अनुभव

तुळस

काल संध्याकाळी मुलाचे शाळेचे बूट बदलायला मुलुंडला एलबीएस रोडवरच्या मॉलमध्ये गेले होते. नेहमीसारखाच मॉल, भारी वगैरे काही नाही, खाली किराणा, वर कपडे, त्याच्यावर खाणंपिणं आणि सगळ्यात वर थिएटर. आत शिरलं की उजवीकडे लिफ्टजवळ एक लांब बाक असायचा. काल बघते तर बाक नाही, मोबाईलच्या कव्हरांचा स्टॉल लागलाय. मी बुटांचा खोका हातात घेऊन तिथेच उभी. मुलगा विचारतोय आई काय झालं, मला सांगता येईना.

तो माझ्या बाबांचा बाक होता. बाबा २००६ ला रिटायर झाले. याच रोडवरच्या एका कंपनीत ३३ वर्षं काढली त्यांनी, तेव्हा एलबीएस रोडला एकाला लागून एक कारखाने होते, आता तिथे टॉवर आणि मॉल. आमचं घर वन रूम किचन. आई, भाऊ-वहिनी, त्यांचं बाळ, मी कॉलेजला. दुपारी चारनंतर बाबांना घरात पाय पसरायला जागा नसायची. बागेत जायचे, पण मे महिन्यात बाग म्हणजे तवा आणि पावसात चिखल. मग मॉलमध्ये जायला लागले. चार ते सात. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, चपलेवर एकदाही गेले नाहीत. हातात पेपरची घडी आणि स्टीलची बाटली. २००८ च्या हल्ल्यानंतर दारात बॅगा तपासायला लागले तेव्हा बाबा रांगेत असतानाच पिशवीची चेन उघडून धरायचे, वॉचमनला कष्ट नकोत म्हणून. हळूहळू अजून तिघं जमले, एक बँकेतले, एक रेल्वेतले आणि एक गुजराती काका ज्यांचं दुकान मुलाने ताब्यात घेतलं होतं. चौघं त्या एका बाकावर. घ्यायचे काहीच नाहीत. फक्त बुधवारी खालच्या बिग बझारमधून कांदे-बटाटे, कारण बुधवारी स्वस्त मिळायचे.

एक गोष्ट कधीच कोणाला सांगितली नाही ती लिहिते. मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेले की मी मागच्या दाराने आत जायचे, बाबा दिसू नयेत म्हणून. एकदा त्यांनी मला तसं जाताना बघितलं. घरी एक शब्द बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर उलटे बसायला लागले, दारांकडे पाठ आणि तोंड लिफ्टकडे. म्हणजे मी कुठल्याही दाराने आले तरी त्यांना दिसायला नको.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरातलं कोणी असं मॉलमध्ये नुसतं बसायला, गार हवेला, वेळ काढायला जायचं का? किंवा तुम्ही स्वतः? काहीही लिहा, वाचायचंय मला.

मधलं घर

रडवलंस गं सकाळी सकाळी. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या माझ्या. उलटं बसले ते वाचून पुढचं वाचवेना, डबे भरून मग परत आले इथे.

माझ्या सासूबाई संगमनेरकडच्या, पहिल्यांदा ठाण्याला मॉलमध्ये नेलं तेव्हा सरकत्या जिन्यापाशी थांबल्या आणि वाकून पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायला गेल्या, एसटीत चढताना करतात ना तसा. पायरी गेली पुढे, हात तिथेच, मी पदर धरून मागे ओढलं. मागे रांग लागलेली. मला वाटलं आता लोक बोलणार. एक कॉलेजची मुलगी पुढे आली, म्हणाली आजी माझा हात धरा, मी एक दोन तीन म्हटलं की पाय टाका. गेल्या वर! वर पोचल्यावर त्यांनी त्या मुलीच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग म्हणाल्या परत खाली जाऊ आणि परत येऊ. चार वेळा केलं. त्या दिवशी आम्ही घेतलं काय तर एक चाळणी.

दोन नंबर फलाट

सीवूड्सला उतरणाऱ्यांना विचारा, स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे आमच्या. मी उरण लाइनचा, आधी गाडी खारकोपरपर्यंतच होती, २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत झाली पण गाड्या कमी आणि एक चुकली की बसा, तर मी वर मॉलमध्ये जाऊन बसतो, घाम सुकतो, मोबाईल चार्ज होतो, मग खाली येऊन गाडी पकडतो. घरच्यांना सांगतो गाडी लेट आहे, ते खोटं नाही पण पूर्ण खरंही नाही, मला ती वीस मिनिटं लागतातच, कंपनीतलं डोक्यातलं तिथे ठेवून मग घरी जातो.

फूड कोर्टच्या कोपऱ्यात एक मुलगा रोज असायचा, स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं, समोर एक रिकामा कप, प्लगपाशीची जागा. सफाईवाल्या मावशी सगळी टेबलं पुसायच्या आणि त्याच्या टेबलाला हात लावायच्या नाहीत. तो रिकामा कप पण उचलायच्या नाहीत, कारण कप असला की तो गिऱ्हाईक. गेले चार महिने दिसला नाही. पास झाला असेल असं मी धरून चाललोय.

मधलं घर

तो कप न उचलणाऱ्या मावशींना माझा नमस्कार.

पिवळी छत्री

मॉल म्हणजे माझ्यासाठी बाथरूम. सरळ सांगते. १४ वर्षं इन्शुरन्सचं काम करतेय, दिवसभर रस्त्यावर, अंधेरी ते बोरिवली. बायकांनी कुठे जायचं? स्टेशनवरचं बघून परत फिरावं लागतं, सुलभमध्ये पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, यावरच तर मुंबईत २०११ ला राइट टू पी ची चळवळ सुरू झाली, मी पण सह्या केल्यात त्यावर. माझ्या डोक्यात मुंबईचा नकाशा मॉलचाच आहे. कुठल्या मजल्यावर, डावीकडे की उजवीकडे, कुठे पाणी असतं, कुठे कडी लागते. नवीन मुलगी टीममध्ये आली की पहिल्या दिवशी पॉलिसीच्या आधी मी तिला हे शिकवते. सुरुवातीला मी पण पाणीच प्यायचे नाही दिवसभर, किडनीला इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टर ओरडले. तुळसताई तुमच्या बाबांचं वाचून वाटलं की आपण सगळेच तिथे ज्या कामाला जातो त्याची पाटी मॉलवर नसते.

आठवडी बाजार

बुधवारचं नाव काढलंत म्हणून!! बिग बझारची जुनी रद्दी-कपडे द्या आणि कूपन घ्या ती स्कीम कोणाकोणाला आठवतेय? आमच्या घरी महिनाभर आधी तयारी. वडिलांच्या जुन्या पँटी, रद्दी, फुटकी बादली, सगळं किलोवर. रिक्षात तीन पोती आणि वर मी. कूपन मिळायचं पण त्याच्या काही पट खरेदी केली तरच चालायचं, मग आई कागद पेन घेऊन हिशोब लावत बसायची तेल किती साबण किती. २६ जानेवारीची गर्दी तर विचारू नका, २००६ ला पहिल्यांदा तो सेल लागला तेव्हा शटर अर्धं खाली ओढून लोकांना थोडे थोडे आत सोडत होते. २०२२ मध्ये दुकानं बंद झाली तेव्हा आईने ट्रंकेतून ती निळी केशरी पिशवी काढून दाखवली, अजून गहू ठेवते त्यात.

पार्किंग बी-२

रद्दीवरून आठवलं, कोणाला पार्किंगचं तिकीट हरवलंय का? मी अॅक्टिव्हा दीड तास शोधली. खांबाचा नंबर पाठ केला होता पण मजला नाही. शेवटी वॉचमन काकांनी त्यांच्या सायकलवर मागे बसवून तळघराच्या तिन्ही मजल्यांवर फिरवलं. माझ्या मुलीला अजून वाटतं की मॉलमध्ये सायकलची राइड असते.

आठवडी बाजार

आता फोटो काढून ठेवायचा खांबाचा. मी तर जिन्याचा पण काढते.

दहा तास उभी

मी थोडी दुसरी बाजू सांगते. वाईट वाटून घेऊ नका कोणी.

मी पुण्यात एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात २०११ ते २०१४ कामाला होते, बारावी झाली होती, वडील गेले होते, धाकटी दोघं शाळेत. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, शनिवार रविवार सुट्टी नाही कारण तेव्हाच गर्दी. आणि बसायचं नाही. स्टूलच नव्हतं. गिऱ्हाईक असो नसो, मंगळवारी दुपारी अख्ख्या मजल्यावर चिटपाखरू नसायचं तरी उभं. टेकलं तरी कॅमेऱ्यात बघून इंटरकॉमवर फोन यायचा. आम्ही मुली आळीपाळीने ट्रायल रूममध्ये टाकलेले कपडे गोळा करायला जायचो आणि आतल्या त्या छोट्या पाटावर एक मिनिट बसायचो. एकमेकींना खूण होती, हँगर दोनदा वाजवला की बाहेर ये, साहेब आले. मागचा जिना आमचा, पुढची लिफ्ट नाही. डबा खायला तळघरात माल उतरवतात तिथे, पुठ्ठे पसरून, पंधरा मिनिटं. पाळीच्या दिवसात काय व्हायचं ते बायकांना सांगायला नको. तेविसाव्या वर्षी पायाच्या शिरा फुगल्या, डॉक्टर म्हणाले एवढ्या लहान वयात कसं काय, काय काम करता.

समोरच बाक होता. म्हातारी माणसं बसायची. खोटं नाही सांगत, मला त्यांचा राग यायचा. एक आजोबा होते ते मात्र उठून जाताना रोज आमच्या काचेपाशी येऊन नुसता हात वर करायचे. त्यांना कळत असावं.

केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका याच गोष्टीसाठी भांडल्या आणि २०१८ ला तिथे कायदा बदलला, बसायला जागा द्यावीच लागते. २०२१ ला तमिळनाडूने पण केला. माझ्या नवऱ्याने बातमी वाचून दाखवली तेव्हा मी पोळ्या लाटत होते, लाटणं खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसले. आता माझं स्वतःचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, हाताखाली दोन मुली आहेत. खुर्च्या चार आहेत.

तुळस

ताई, खूप वेळ काय लिहू कळत नव्हतं. राग आला असेल तर तो बरोबरच होता. बाबा त्या दारावरच्या वॉचमनला रोज म्हणायचे अरे बस की रे दोन मिनिटं, आमच्यात बस. तो म्हणायचा काका कॅमेरा आहे. बाबा घरी येऊन चिडायचे, म्हणायचे आमच्या कंपनीत सुद्धा मशीनपाशी स्टूल असायचं, युनियनने मिळवलं होतं. मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज तुमचं वाचून ते वाक्य परत ऐकू आलं.

पिवळी छत्री

खुर्च्या चार आहेत 🙏 पुण्यात कुठे आहे दुकान? माझी बहीण कोथरूडला असते, तिला चांगली ब्लाउजवाली हवीच आहे, जी दिली होती तिने दोन महिने लावले आणि बाह्या घट्ट केल्या.

दहा तास उभी

मेसेज करते ताई. लग्नसराईचं घेत नाहीये पण आता, हात भरलेत.

ऑरेंज सिटी

नागपूरवाले कोणीच नाहीत का बाप्पा इथं? आमच्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा, कूलरमधलं पाणी गरम होऊन रायलं असते, मग अर्धं गाव मॉलमध्ये. गांधीसागर तलावाजवळचा एम्प्रेस मॉल. तिथं आधी एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. माझे आजोबा तिथं रिंग खात्यात होते. रिंगवर सूत कातायचं भारतात आधी आमच्याच मिलमध्ये आलं हे ते इतक्यांदा सांगत की आम्ही पोरं त्यांच्याबरोबर तोंडपाठ म्हणत असू.

मॉल झाल्यावर मी त्यांना पिक्चरला घेऊन गेलो. ते आतच येईनात. बाहेर उभे राहून इकडं तिकडं बघतात. मी म्हटलं आबा चला, सुरू होईल. तर म्हणाले थांब रे, गेट कुठं होतं ते बघू दे. मग चालत चालत एका जागी जाऊन उभे राहिले, म्हणाले हे बघ इथं. इथून पाळी सुटायची, भोंगा झाला की अख्खा रस्ता माणसांनी भरायचा, तुझी आजी पगाराच्या दिवशी त्या तिकडं उभी राहायची. मग आत आले. पिक्चरमध्ये झोपले. इंटरव्हलला पॉपकॉर्नची किंमत ऐकून विचारलं हा एका माणसाचा भाव आहे की सगळ्यांचा.

नंतर दर उन्हाळ्यात स्वतःहून म्हणायचे मिलमध्ये जाऊन येऊ. मॉल हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नाही. आम्ही पण घरात मिलच म्हणतो आता, माझी पोरगी मैत्रिणीला फोनवर सांगते मिलमध्ये भेटू, समोरच्या पोरीला काही समजत नाही.

दोन नंबर फलाट

भाऊ माझे काका परळला बदली कामगार होते, १९८२ चा संप लागला आणि परत कधी मिलमध्ये गेले नाहीत, गावाला गेले ते तिकडेच. लोअर परळच्या मॉलमध्ये मिलची चिमणी ठेवली आहे तिचा फोटो मी त्यांना पाठवला होता. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, फक्त तो फोटो डीपीला लावला. गेले तेव्हा पण तोच होता.

चष्मा नको

मला फार कमी दिसतं, उजव्या डोळ्याने उजेड-अंधार आणि डाव्याने थोडे आकार. मोबाईलवर बोलून टाइप करते, चुका सांभाळून घ्या.

मला मॉल आवडतो कारण जमीन सपाट असते. हे तुम्हाला कोणाला सुचलं नसेल. ठाण्यात आमच्या रस्त्यावर फुटपाथ, गटाराचं झाकण, लावलेल्या गाड्या, कुत्रं झोपलेलं, प्रत्येक पावलाला काठी. मॉलमध्ये काठी घडी करून चालता येतं. रस्ता वासाने आणि आवाजाने कळतो. कॉफी आली की डावीकडे वळायचं, पॉपकॉर्न म्हणजे वरचा मजला, बुटांच्या दुकानाला नव्या चामड्याचा वास, आणि मधल्या मोकळ्या जागेत आवाज एकदम उंच जातो, देवळाच्या गाभाऱ्यातून सभामंडपात आल्यासारखा. ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये आमच्यासाठी हाताने चाचपून वाचायची आणि मोबाईलवर ऐकायची लेबलं लावली होती, मी पहिल्यांदा एकटीने, कोणाचा हात न धरता, बायकांचं बाथरूम शोधलं. तेव्हा माझं वय ३१ होतं. बाहेर येऊन आईला फोन केला.

पिवळी छत्री

तुम्ही पण बाथरूम! या आमच्या नकाशात.

चष्मा नको

हो हो घ्या मला टीममध्ये 😊

बर्फातली आई

मी कॅनडात मिसिसागाला असते, लेकीकडे आलेली नाही, बावीस वर्षं इथेच राहिलेली. जानेवारीत उणे पंधरा, बाहेर चालणं शक्य नाही, मग सकाळी दुकानं उघडायच्या आधी स्क्वेअर वन मॉलमध्ये आमच्यासारखे लोक फेऱ्या मारतात, पांढरे बूट घालून, काही गोरे ऐंशीच्या पुढचे, काही चिनी, आम्ही तीन मराठी. मॉल बंद पण रस्ते उघडे. माझे आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा बाबांना तिथे नेऊन बसवायचे आणि कामाला जायचे. एक पंजाबी आजोबा त्यांचे दोस्त झाले. बाबांना पंजाबी येत नाही, त्यांना मराठी नाही, हिंदी दोघांची कच्ची. काय बोलता विचारलं तर बाबा म्हणाले विहिरीबद्दल. त्यांच्या गावची विहीर आणि आमच्या वाळव्याची विहीर. सहा महिने पुरली. बाबा परत गेल्यावर मी एकदा तिथून जात होते तर ते पंजाबी आजोबा बाकावर एकटेच, आणि शेजारच्या अर्ध्या जागेवर त्यांनी आपली टोपी ठेवली होती. मी जवळ जाऊन नमस्कार केला, म्हणाले पापाजी कद आउणगे, म्हणजे बाबा कधी येणार. बाबांना व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघंही फोनकडे बघून नुसते हसत होते, पाचेक मिनिटं.

मधलं घर

आता मी परत रडतेय. आज स्वयंपाक होणार नाही आमच्याकडे.

ऑरेंज सिटी

वहिनी, मॉलमध्ये जाऊन खा.

तीन रुपये

पिशवीचे पैसे घेतात त्याबद्दल कोणीच का बोलत नाही? चंदीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये एका चपला-बुटांच्या दुकानाला याच कारणावरून दंड केला होता, कागदी पिशवीचे ३ रुपये लावले म्हणून. त्यावर त्यांच्या नावाची जाहिरात, म्हणजे आपण पैसे देऊन त्यांची जाहिरात मिरवायची. मी तर बूट हातात धरून आलो होतो.

पार्किंग बी-२

कापडी पिशवी न्यायची, माझ्या डिकीत कायम दोन असतात. आणि खांबाचा फोटो.

चिंच गोळी

तुळस, मी मुलुंडचीच. तुझा बाक कुठला ते बरोबर कळलं मला, काळा ग्रॅनाइटचा ना, एका कोपऱ्यातून उडालेला? तो टाकला नाहीये त्यांनी. दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या खेळायच्या गाड्या आहेत त्याच्या बाजूला नेऊन ठेवलाय, मुलं खेळतात तोवर आयांना बसायला. मी गेल्या शनिवारी त्यावर बसून वडापाव खाल्ला. कोपरा उडालेला म्हणून लक्षात आहे, माझी ओढणी अडकली होती त्यात.

तुळस

काळाच. डाव्या कोपऱ्यातून उडालेला. बाबा त्या बाजूला बसायचे आणि पँट अडकते म्हणून तिथे पेपरची घडी ठेवायचे.

आत्ताच आईला फोन करून सांगितलं. ती म्हणते मी कधी बघितलाच नाही तो बाक, मला काय माहीत ते कुठे बसायचे. रविवारी घेऊन जाते तिला. तसंही जावं लागणारच आहे, काल बूट बदलायचे राहूनच गेले, एक नंबर मोठा त्यांच्याकडे नव्हता, रविवारी या म्हणालेत.

चिंच गोळी

चारच्या आत जा, नंतर वाढदिवसवाली मुलं येतात आणि बाक मिळत नाही. बिल बरोबर ने.